चार बोटं पत्रा

पदूचा मला राग येतो. आमच्या आळीत हे सांगितलं की लोक हसतात, कारण पदूवर रागवावं असं कुणाला कधी काही सापडलेलं नाही. पत्र्याची कामं करणारा माणूस. दिवसभर लोकांच्या छपरांवर, आणि खाली उतरला की मान खाली घालून घरी. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझी पिठाची गिरणी त्याच्या घराला लागून आहे, त्यामुळे त्याच्या घरात जे झालं ते मी दळण दळता दळता बघितलेलं आहे. माझा राग ऐकीव नाही, बघून आलेला आहे.

बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या अंगाला, नव्या बिल्डिंगींच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली जी जुनी बैठी घरं आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या छपरावरून पदूचा हात फिरलेला आहे. पत्रा नीट कापणं म्हणजे काय, ते मला त्याच्यामुळे कळलं. हल्लीचे कारागीर ग्राइंडर लावतात. कान किटतात, ठिणग्या उडतात आणि काम झटक्यात होतं. पण ग्राइंडरने पत्र्याची कड जळते, वरचा जस्ताचा थर जातो, आणि जो तापलेला कीस उडतो तो पत्र्यालाच चिकटून बसतो. एक पावसाळा गेला की त्या जागी तांबूस ठिपके उठतात, अंगावर देवी आल्यासारखे. पदू ग्राइंडरला हात लावायचा नाही असं नाही, लोखंडी अँगल कापायला तो लागतोच. पण पत्र्याला त्याने तो कधी लावला नाही.

त्याची रीत निराळी होती. पत्रा पालथा घालायचा, खाली फळी सरकवायची, निळीत घोळलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. पत्र्यावर निळी रेघ उठायची. मग हातकातरीने त्या रेघेवरून सावकाश निघायचा, जिभेचं टोक दातांत धरून, लहान मूल चित्रात रंग भरतं तसा. कापून झालं की कडेवरून कानस, मग कुंचल्याने कीस झाडायचा, आणि शेवटी कडेवरून उघडा अंगठा फिरवायचा. अंगठ्याला ओरखडा आला नाही तरच पत्रा वर चढायचा. उल्हासनगरच्या पाच नंबरच्या कॅम्पात ज्या सिंधी शेटकडून तो माल आणायचा, तो त्याला चिडवायचा की पदू साईं, तू पत्रा कापतोस की पैठणी? पदू नुसता हसायचा आणि माल मोजून घ्यायचा.

माझ्या गिरणीचं छप्पर केलं तेव्हा त्याने मला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली होती, आणि ती इथे सांगायलाच हवी. पन्हळी पत्रा म्हणजे एक खोलगट पन्हळ, एक उंचवटा, पुन्हा पन्हळ, पुन्हा उंचवटा. तो उभा कापायची वेळ आली तर कड उंचवट्यावर यायला हवी. पन्हळीत आली तर अर्धी पन्हळ उघडी पडते, आणि पावसाचं पाणी पुढे वाहून न जाता त्या उघड्या कडेवरून खाली भिंतीत उतरतं. म्हणून भिंतीच्या पुढे चार बोटं जास्त गेली तरी चालतील, पण कड उंचवट्यावर घ्यायची. एवढं साधं.

आता पदूचं घर. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकटा चंदू शाळेतसुद्धा जात नव्हता. पदूने त्याला वाढवलं आणि पुढे लग्न होऊन आलेल्या आवडीने त्याचं नाक पुसलं, डबा भरला, शाळेत मास्तरांची बोलणी खाल्ली. त्या दोघांना मूल झालं नाही. मला तर वाटतं, चंदू घरात होता म्हणून त्यांनी त्या गोष्टीचा फार शोधही घेतला नाही. चंदू आयटीआय झाला, आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागला, आणि पहिल्यांदा युनिफॉर्म घालून निघाला तेव्हा आवडी माझ्या गिरणीच्या दारापर्यंत त्याच्यामागे आली होती, त्याच्या कॉलरला न लागलेला डाग पुसत.

चंदूचं लग्न ठरलं तेव्हा पदूने घरावरची जुनी कौलं उतरवली आणि पत्रे चढवले. घर लांबट, मध्ये एक भिंत. कच्च्या विटांची, मातीत रचलेली, घरातली भिंत म्हणून बांधलेली, पाऊस तिने कधी बघितलेला नव्हता. भिंतीच्या अलीकडे पदूचं स्वयंपाकघर आणि देव्हारा, पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, नव्या जोडप्याची खोली. पदूला हे काम ज्यांनी शिकवलं ते आण्णा तेव्हा होते. ते खाली खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी वर ओरडून सांगितलं की पत्रा मधल्या भिंतीवर संपव आणि पलीकडून दुसरा सुरू कर. दोघे भाऊ आहात, उद्या काही झालं तर नुसते स्क्रू काढायचे. भावाभावांच्या घरावर सगळे कारागीर असंच करतात, त्यात आण्णांचं वाकडं काही नव्हतं. कुणी ते मोठ्याने बोलत नाही एवढंच.

पदू त्या दिवशी पहिल्यांदा आण्णांना उलटून बोलला. "त्याला अजून बाशिंग नाय बांधला आण्णा, नि आजच वाटनी करून ठेवू?" असं म्हणाला आणि अख्खा पत्रा भिंतीवरून पलीकडे जाईल असा टाकला. अर्धा इकडच्या खोलीवर, अर्धा तिकडच्या. छपराच्या पुढच्या उताराला, पुढच्या पाख्यालाही तसंच, मागच्यालाही तसंच. नंतर कितीतरी दिवस तो लोकांना सांगायचा की माझ्या घरात मधल्या भिंतीवर सांधा नाही. कारागीर माणसाला अशा गोष्टीचा अभिमान असतो, आणि मी चेष्टा करायचे की तुझ्या घरात छप्पर बघायला तिकीट लाव.

मला तेव्हाच त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते असं आता वाटतं, पण खरं सांगायचं तर त्या पत्र्याखाली ती दोन्ही बिऱ्हाडं चांगली नांदली. चंदूची बायको स्वप्नाली मोकळ्या स्वभावाची. तिची मुलगी हर्षदा अभ्यासाला भिंतीच्या पलीकडे असायची आणि जेवायला भिंतीच्या अलीकडे. गणपती एकच, पदूच्या घरात. मूर्ती आणायला दोघे भाऊ जायचे, डोक्यावरून आणायचा पदू आणि आरतीचं ताट धरायचा चंदू. ही त्यांच्या वडिलांच्या वेळची वाटणी, की थोरल्याने देव आणायचा आणि धाकट्याने ओवाळायचा.

मग आमच्या आळीला बिल्डर लागला. शेजारची दोन घरं गेली, मागची बाग गेली, आणि चंदूच्या रस्त्याकडच्या बाजूला मागणी आली. स्वप्नालीला दोष देणारे आळीत पुष्कळ आहेत. मी देत नाही. तिला दम्याचा त्रास, पावसाळ्यात त्या खोलीत ओल, पोरीचं कॉलेज अंबरनाथला. अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर बिल्डरकडून उन्हाची हवेशीर खोली मिळत असेल तर कुठल्या बाईला नको असेल? चंदूने पदूसमोर विषय काढला तेव्हा तो आठवडाभर जेवला नव्हता, हे मला आवडीने सांगितलं. जेवला नव्हता चंदू. पदूने मात्र ऐकलं आणि लगेच म्हणाला की तुझा हिस्सा आहे, तू बघ. सगळ्या आळीने कौतुक केलं की भाऊ असावा तर असा. माझ्या तेव्हाच डोक्यात गेलं होतं. भांडायचं नाही तर निदान रडायचं तरी, माणसाने काहीतरी करायचं. हा आपला सुपारी कातरल्यासारखं हो म्हणून मोकळा.

चंदूची बाजू पाडायची म्हणजे मधली भिंत पदूची राहणार आणि छप्पर भिंतीवरून तुटणार. बिल्डरचा माणूस ग्राइंडर आणि दोन पोरं घेऊन येतो म्हणाला. पदूने हात जोडले. ती पोरं खेचाखेची करतील, सगळं पाखं हलेल, इकडचे स्क्रूही ढिले होतील. आपल्या घराचा पत्रा मी कापतो, असं तो म्हणाला. आणि भिंतीवर सांधा असता तर नुसते स्क्रू काढून भागलं असतं, हे त्या दिवशी अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं, पदूच्या तर आलंच असणार. आण्णा तोवर गेले होते, हे त्यांच्यावर देवाचे उपकार.

पदू वर चढून माप घेऊन आला आणि त्याचा चेहरा उतरला. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सरळ रेघ धरली तर कड बरोबर पन्हळीत येत होती. पुढचा उंचवटा चार बोटं पलीकडे. अंगणात बिल्डरचा माणूस होता, चंदू होता, मी दळणाचे डबे बाजूला ठेवून उभी होते. पदू चंदूजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "चंदू, मी चार बोटां भितीच्या फुरं सोडतू. कड उंचवट्यावर येल. नायतर सगला पानी भितीत उतरंल."

चंदूने बिल्डरच्या माणसाकडे बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता, पण त्याचे कान इकडे होते. मान न उचलता तो हिंदीत म्हणाला की जागा भिंतीपर्यंत ठरली आहे, त्याच्या पुढे काही लटकलेलं दिसलं तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर तुमचा फ्लॅटही थांबेल.

चंदूने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "दादा, नको ना लफडा. भिंतीला सरळ काप."

मी मध्ये पडले. म्हटलं, अरे चार बोटांनी कुणाची बिल्डिंग अडते का, तिथे त्यांची पार्किंग येणार आहे, आणि ही कच्ची भिंत आहे, हिला बाहेरून साधं प्लास्टरसुद्धा नाही. प्लास्टर तरी आधी करून घेऊ द्या. तर ते करायला बिल्डरच्या जागेत परांची बांधावी लागणार, आणि त्याला तेही नको होतं. चंदू माझ्याकडे बघेना. चांगला मुलगा हो तो, मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. पण फ्लॅटची चावी समोर लटकत असली की चांगल्या मुलालाही चार बोटांच्या पुढचं दिसत नाही. मी पदूकडे वळले, तर तो निळीचा डबा उघडत होता.

पत्र्यावर दोरी एकट्याने मारता येत नाही. एक टोक आढ्यावर धरायला लागतं, दुसरं खाली वळचणीला. चंदू आपण होऊन शिडी चढला आणि आढ्याशी जाऊन बसला. पदूने दोरी त्याच्याकडे फेकली. चंदूने ती पकडून भिंतीच्या रेषेवर दाबून धरली, पदूने खाली ताणली आणि त्याला विचारलं, "सरल हाय?" चंदू म्हणाला, आहे. पदूने पुन्हा विचारलं, "बग नीट." चंदू म्हणाला, आहे दादा, सोड. दोरी सुटली आणि दोघांच्या मधून निळी रेघ उठली. मी आत जाऊन गिरणी चालू केली. उगाच, रिकामीच. मला बघवत नव्हतं.

चंदूने बिल्डरच्या माणसाकडून ग्राइंडर मागून ठेवला होता, लवकर होईल म्हणून. पदू म्हणाला, जळकी कड मला नको. फळी टाकून बसला आणि हातकातरीने सुरुवात केली. वर बसवलेला पत्रा कातरणं म्हणजे हातांचे हाल. पुढचं पाखं झालं, मग जेवायला न उतरता मागचं. आवडी मधूनमधून अंगणात येऊन वर बघायची आणि परत आत जायची. तिच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या कडेकडेने उजेडाची एक रेघ सरकत होती, ती तिने मला नंतर सांगितली. म्हणाली, वेणूताई, घर कुनी चाकूने कापताना मी आतून बगितला.

संध्याकाळी पदू उतरला तेव्हा दोन्ही तळव्यांचं कातडं सोललेलं होतं. चंदू आवडीकडून तांब्या घेऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, झालं एकदाचं. वर मी जाऊन बघितलं होतं. कड अशी सरळ होती की पट्टी ठेवावी. कानस मारलेली, कीस झाडलेला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. आणि सगळीच्या सगळी पन्हळीत. उघड्या पन्हळीची कड त्याने पकडीने जरा वर वळवली होती, डांबरही लावलं होतं. भुरभुर पावसाला ते पुरलं असतं. पण आमच्याकडे डोंगरावरून आडवा पाऊस येतो, तो काय पकडीने वळवलेल्या कडेला भीक घालतो?

चंदू गेला. सामान टेम्पोत चढलं, हर्षदा आवडीच्या गळ्यात पडून रडली, आणि दर रविवारी येऊ असं ठरलं. त्याची बाजू जमीनदोस्त झाली, तिथे बिल्डरने खड्डा खणला, आणि आषाढात पदूची मधली भिंत पहिल्यांदाच पावसात उभी राहिली.

पहिले काही रविवार चंदू आला. मग ओव्हरटाइम निघाला, मग पोरीची परीक्षा, मग रस्त्यात पाणी. भिंत तोवर खालून फुगायला लागली होती. आवडीने देव्हारा उचलून दुसऱ्या खोलीत आणला. तिच्या चुलीमागचा रंग आधी काळा पडला, मग पोपडे, मग माती हाताला लागायला लागली. पदू दिवसभर बाहेर दुसऱ्यांची छपरं शिवत होता आणि घरी येऊन भिंतीवर हात ठेवून बघत होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मी त्याला गाठलं. म्हटलं, अरे बिल्डरचं काम पावसामुळे बंद आहे, खड्ड्यात बेडूक सोडून कुणी नाही. चार बोटं पत्र्याची पट्टी कडेला जोडून टाक, एका दुपारचं काम आहे. त्या कडेला पट्टी जोडायला तुझ्यासारखा दुसरा हात नाही आणि तूच बसून राहिलास. कोण बघायला येणार आहे? तो म्हणाला, चंदूने शब्द दिलेला आहे. मी म्हटलं, चंदूने दिला, तू नाहीस. त्याने हातातली कातर खाली ठेवली. मग म्हणाला, "वेणूवयनी, मना ती चार बोटां मिलवता आली अस्ती. भांडलू अस्तू तं मिलाली अस्ती. पन मंग चंदूच्या मनात राहला अस्ता का दादान ऐन वेलेला अडवला. भित गेली तं दुसरी बांधीन. भाऊ कुठून आनू?"

हा त्याचा हिशेब. मागेल ते दिलं की माणूस आपला राहतो, हा. याच हिशेबाचा मला राग येतो. पण त्याचे हात बघितले आणि मी माघारी गिरणीत गेले.

श्रावणात एका दुपारी भिंत बसली. आवडी नळावर होती म्हणून वाचली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, ओल्या मातीला आवाज कुठला, गव्हाचं पोतं कलंडावं तशी ती खड्ड्याच्या बाजूला कलंडली आणि स्वयंपाकघर उघडं पडलं. डबे, पाटा, खुंटीवरची चाळण सगळं चिखलात. आळीतली माणसं धावली. मी पहिलं वाक्य हेच म्हटलं की चंदूला फोन लावा. पदूने माझ्या हातातला फोन धरला. "त्याला कलवू नुको," म्हणाला, "त्याच्या जिवाला लागंल." आवडीने त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला. म्हणाली, तुमच्या जिवाला लागत नाही का, माझ्या लागत नाही का? आणि खाली बसून तिने चिखलातला पाटा मांडीवर घेतला. मी तिच्याजवळ बसून चिखलातले डबे गोळा करायला लागले.

पदूने उल्हासनगरहून पत्रे आणले आणि भिंतीच्या जागी उभे केले, आपल्याच हद्दीत, आतून. तेही हातकातरीने कापलेले आणि कानस मारलेले. आता आवडी पत्र्याला पाठ लावून स्वयंपाक करते. ऊन पडलं की तापतं, पाऊस पडला की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पण दोघं गणपतीकडे डोळे लावून बसली होती. गणपतीला चंदू येणार. मूर्ती आणायला येईल, पाच दिवस राहील, तेव्हा त्याला काय ते शांतपणे सांगू, असं आवडी म्हणायची. पदू तेवढंही म्हणायचा नाही. पण चंदूच्या चपलांसाठी मागच्या पडवीत नेहमी एक जागा असायची, तिथे त्याने अवजारांची पेटी ठेवली होती, ती उचलून दुसरीकडे नेली.

मूर्ती आणायच्या आदल्या दिवशी चंदूचा फोन आला. मी तिथेच मोदकाचं पीठ द्यायला गेले होते. पदू अंगणात जाऊन बोलला, आणि त्याचं बोलणं सगळं मिळून इतकंच ऐकू आलं: हां. हां. चांगला केलास. पोरीची हौस हाय ती. चांगला केलास. आत येऊन त्याने सांगितलं की चंदूने या वर्षीपासून अंबरनाथच्या घरी गणपती आणायचं ठरवलं आहे. नवीन घर आहे, हर्षदाची इच्छा आहे, सोसायटीतले सगळे आणतात. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी गणपती एक असतो. गणपती वेगळा झाला म्हणजे मग काही शिल्लक राहिलं नाही. हे चंदूला माहीत नाही असं नाही. किंवा नसेलही माहीत, तिसऱ्या मजल्यावर विसरायला होत असेल. दुसऱ्या दिवशी पदूने मूर्ती एकट्याने आणली आणि ओवाळायचं ताट कुणी धरायचं हे न कळून आवडीने ते शेवटी माझ्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी चंदू आला. दुपारची वेळ, मी आवडीसोबत वाती करत बसले होते. बाहेर रिक्षा थांबली. चंदूने नवा शर्ट घातला होता, स्वप्नालीच्या हातात मिठाईचा खोका, हर्षदा मागे. तिघं दाराशी आली आणि थांबली. या घरात रांगलेला, या दारातून नागडा पळालेला हा मुलगा उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "दादा, चपला इथंच काढू का?"

पदूने त्याच्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता तरी बोलेल. म्हणाला, "काढ कुठंबी."

स्वप्नालीने खोका गणपतीपुढे ठेवला, नमस्कार झाले. पदूने निरांजन लावून आरतीचं ताट चंदूपुढे केलं. चंदू म्हणाला, नको दादा, आम्ही घरची करूनच निघालो. पदूने ताट परत पाटावर ठेवलं. हर्षदा धावत स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली की पप्पा, भिंत कुठे आहे?

चंदू आत गेला, त्याच्यामागे आम्ही. तो त्या उभ्या पत्र्यांसमोर उभा राहिला. वर बघितलं, जिथे त्याने दोरीचं टोक धरलं होतं तिथे, मग खाली. तो कारखान्यात काम करणारा माणूस आहे, त्याला न कळण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. आवडीने तोंड उघडलं, आणि पदू तिच्या आधी बोलला.

"भित मीच पारली," पदू म्हणाला. "जुनी झालती. पत्राच बरा, जागा मोकली झाली."

चंदूने त्याच्याकडे बघितलं. त्याने एकदा जरी विचारलं असतं, खरंच का रे दादा, तरी मी पदूचं तोंड दाबून सगळं सांगितलं असतं. चंदूने विचारलं नाही. त्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरं केलंस," तो म्हणाला. "मोकळं वाटतंय खरं."

पुढे चहा झाला. आवडीने कपबशा काढल्या, पाहुण्यांच्या. स्टीलचा पेला तिच्या हातात आला होता, चंदू त्यात चहा प्यायचा, तो तिने परत ठेवला. एमआयडीसीतल्या रस्त्यांबद्दल बोलणं झालं, लिफ्ट बंद पडते त्याबद्दल झालं, पावसाबद्दल झालं. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं, म्हणून ते उठले. पाया पडले. पदूही उठला.

चंदू आजवर या घरातून हजारदा बाहेर पडला असेल, शाळेला, कामाला, लग्नाच्या वरातीला, आणि पदूने कधी जागेवरून मानसुद्धा वर केली नसेल. त्या दिवशी तो पायात चपला घालून त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत गेला. आम्ही दोघी दारातून बघत होतो. काहीतरी बोलला, हात वर केला, रिक्षा वळली. तरी तो हात वर करून उभाच होता.

परत आला आणि उंबऱ्यावरच बसला. आवडी जवळ गेली, म्हणाली, काय झालं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग त्याला रडू फुटलं, लहान मुलासारखं, मोठ्याने, आळीत ऐकू जाईल असं. माझ्या इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं.

"मी त्याला 'परत या' बोललू, आवडी," तो म्हणाला. "चंदूला. परत या बोललू."